गोधडीचा घास

गेली अकरा वर्षं मी मलावीहून गावोगावच्या तुम्हां मंडळींना पत्रं लिहिते आहे. त्यांत इकडचा मका, इकडचं सरोवर, इकडचा पाऊस आणि आमचा तीन खोल्यांचा दवाखाना, एवढंच असतं. या खेपेला उलटं करते. दोन महिन्यांच्या रजेवर घरी गेले होते, त्यातल्या आठ दिवसांचा हा प्रवास आहे, आणि तो दौंडपासून कवठे येमाईपर्यंतचा आहे. हसू नका. तुमच्यातले निम्मे लोक मलावीला येणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण कवठ्याला तरी कुठे गेलात?

लिहिण्याचं दुसरं कारण आधीच सांगून टाकते. मी तुमच्याशी दोन वर्षं खोटं बोलले होते. चिसोमो बरी आहे, असं मी तुम्हांला सांगत आले. चिसोमो बरी नव्हती. ती गेली होती.

दौंड

दौंडात आमचं घर म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, सुधीरचं. बाबा रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भीमेच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या, सुधीरनं त्यावर मजला चढवला. तो कुरकुंभला औषधांच्या कंपनीत ऑपरेटर आहे. शिफ्ट संपवून आला की आधी आंघोळ, मग चहा, मग बोलणं, हा त्याचा नेम. त्या सकाळी मात्र चहा कपात ओतायच्या आधीच त्यानं सुरुवात केली.

"ताई, आता बास. बावन्नची झालीस. दोनदा मलेरिया झाला, एकदा हात मोडला. कंपनीच्या दवाखान्यात सिस्टरची जागा निघालीय. मी साहेबांशी बोललोय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?"

त्याची बायको नीलिमा ओट्यापाशी थालीपीठ थापत होती, ती मध्ये पडली. "अहो, ताईंना खाऊ तरी द्या आधी."

थालीपीठ माझ्या ताटात पडल्यावर सुधीर हळूच म्हणाला, "तिकडे आता तुझं राहिलंय काय?"

हे तो एकटाच म्हणू शकत होता, कारण चिसोमोचं फक्त त्याला माहीत होतं. आई बाळंतपणात गेलेली दोन वर्षांची ही पोर माझ्या दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी आणून बसवली, आणि ती माझ्या घरात पाच वर्षं राहिली. मराठीत भांडायची. "मला नको" हे तिचं पहिलं मराठी वाक्य. सातव्या वर्षी, ऐन पावसात, तिला ताप आला. मलेरिया डोक्यात गेला आणि अंगातलं रक्त कमी झालं. माझं रक्त तिला चाललं असतं, पण चढवायची सोय नदीपलीकडच्या हॉस्पिटलात होती आणि नदीला पूर होता. गाडी काठावर उभी, पोर माझ्या मांडीवर, आणि पाणी काही उतरेना. तिथेच ती गेली.

त्यानंतर कवठ्याच्या आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. तिथल्या मंडळीला चिसोमोची खुशाली हवी होती. माझ्या तोंडून "बरी आहे" एवढंच निघालं. मग दर पत्रात ते तसंच पुढे चाललं. आम्ही परदेशात काम करणारे लोक घरी पत्र लिहिताना केस विंचरून, पावडर लावून लिहितो, ही आमची जुनी खोड. मागितलेलं मिळालं, असंच ऐकायची लोकांना सवय आणि आम्हांला तसंच लिहायची. खरी गोष्ट त्याहून वाईट होती. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली होती. मंडळीपुढे उभी राहून शब्द म्हणायचे, पण आत काही हलायचं नाही. हे कुणाला सांगणार? प्रार्थना करायलाच जिला पाठवलं तिनं?

कुरकुंभ

दुसऱ्या दिवशी सुधीरनं मोटारसायकलवर बसवून मला कुरकुंभला नेलं. सोलापूर रस्त्याला वळलं की नाकालाच कळतं की एमआयडीसी आली. कंपनीचा दवाखाना मी बघितला आणि खरं सांगते, मला हेवा वाटला. पांढरी फरशी, एसी, भरलेलं कपाट, भरलेला ऑक्सिजन, दारात स्वतःची अँब्युलन्स. एक बिहारी कामगार बोट कापून घेऊन आला होता. तिथला ड्रेसर जेवायला गेलेला, म्हणून मीच हात धुऊन पट्टी केली. "दीदी, आप यहीं रह जाइए," तो म्हणाला. सुधीर दारात उभा राहून असा हसला, की जणू त्यानंच त्याचं बोट कापून आणलं होतं.

ती अँब्युलन्स मी बघतच राहिले. चावी तिला लावलेलीच होती. पुढे सरळ डांबरी रस्ता होता, मध्ये नदी नव्हती.

साहेब म्हणाले, "मॅडम, आठ दिवसांत कळवा."

"कळवते," मी म्हणाले. मनातून मी तेव्हा हो म्हणूनच टाकलं होतं. फक्त त्याआधी कवठ्याला जाऊन, आमच्यासाठी रोज प्रार्थना करणाऱ्या सगुणाआत्याला तोंड दाखवायचं होतं. तिला खरं सांगायचं की नाही, हे काही ठरत नव्हतं.

शिरूर

दौंड ते शिरूर एसटीनं गेले. ऊस, कांदा, पुन्हा ऊस, मग एक मंगल कार्यालय, मग पुन्हा ऊस. कंडक्टरनं तिकीट पुढे केलं आणि माझा अकरा वर्षांच्या सवयीचा हात आपोआप चालला. मलावीत मोठ्या माणसाकडून काही घेताना बाई गुडघे वाकवते आणि दोन्ही तळवे हलकेच वाजवते. मी सीटवरून अर्धवट उठले, वाकले, दोनदा टाळी वाजवली आणि तिकीट घेतलं. सगळी गाडी वळून बघायला लागली.

"मावशी, चक्कर येतीया का?" कंडक्टर घाबरून म्हणाला. "पाणी द्या रं कुणीतरी."

शेजारच्या बाईनं बाटली पुढे केली. मी पुन्हा वाकले, पुन्हा टाळी वाजवली. "आगं बया," ती म्हणाली, "लईच दमल्याती ह्या." शिरूर येईपर्यंत तिनं मला खिडकी दिली, दोन पेरू दिले आणि झोपायची आज्ञा केली. मी निमूट डोळे मिटले. समजावून सांगत बसण्यापेक्षा पेरू खाणं सोपं होतं.

शिरूरच्या स्टँडवर उतरून कवठ्याची गाडी कुठे लागते ते विचारलं. "मलठणवरून जाती ती धरा, पलीकडं लागंल." पलीकडे ती तासाभरानं लागली. तेवढ्यात मी मिसळ खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मलावीतलं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, आपल्या उकडीसारखी मक्याची घट्ट लापशी. ती अकरा वर्षं खाऊन जीभ अगदी सरकारी झाली आहे. हॉटेलवाल्यानं न मागता ताक आणून ठेवलं, देव त्याचं भलं करो.

कवठे येमाई

येमाईच्या देवळावरून पुढे, कॅनॉलच्या अलीकडे आमच्या ख्रिस्ती लोकांची अकरा घरं आहेत. त्यांना लागूनच बौद्ध वस्ती आहे. मूळ एकाच भावकीतले हे लोक. अर्ध्यांचा रविवार वेगळा आणि अर्ध्यांची पौर्णिमा वेगळी, पण वाळवणाचा पत्रा आणि भांडण सामाईक. आमचं देऊळ म्हणजे चर्च, पत्र्याची एक खोली. दारातल्या कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगला आहे, तीच आमची घंटा. तो तुकडा बाबांनी दौंडहून आणला. कसा आणला, ते विचारू नका.

सगुणाआत्या ही बाबांची चुलतबहीण. पंचाहत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण आवाज असा की शेतातला माणूस बांधावर येतो.

"सलाम, आत्या."

"सलाम, सलाम. आली का माजी आफ्रिका? किती वाळलीस गं! तिकडं मका हाय म्हंतीस आन् खात न्हाईस का काय?"

त्या रात्रीच्या जेवणाला मासवडी होती, बेसनाच्या वड्यांत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि लालभडक रस्सा. मी रस्सा टाळून नुसती वडी भाकरीबरोबर खाते आहे हे आत्याच्या नजरेतून सुटलं नाही. "रस्सा घेना झालीया," तिनं शेजारी हाक मारून सांगितलं. "बाई बाद झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला रूळ वाजला. शेतातून भाकरीला आलेल्या बाया हात धुऊन आत्याच्या ओट्यावर बसल्या. सहा-सात जणी, डोक्यावर पदर. हे रोजचं, मला पत्रातून माहीत होतं, पण मी डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते. आत्यानं डोळे मिटले आणि समोर बसलेल्याशी बोलावं तशी बोलायला लागली.

"बापा, आमच्या एस्तेरला सुखरूप आनलंस, तुजं उपकार. तिच्या हाताला यश दे. आन् आमच्या चिसूला अंगापिंडानं भरू दे. तिला ताप येऊ देऊ नगं. पावसापान्यात तिला संबाळ."

"आमेन," बाया म्हणाल्या. मी आमेन म्हणाले नाही.

मग आत्यानं घरातून गोधडी आणली. लहान मापाची, नऊ-दहा वर्षांच्या पोरीची. आत्या एकेक तुकडा बोटानं दाखवायला लागली. हा पाळकीणबाईच्या लग्नाच्या साडीचा. हा निळा शेजारच्या आशाबाईचा. "चवदा एप्रिलची साडी हाय माजी," आशाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "चांगली होती, पर लेकरासाठी फाडली." काठाला काळी लोकरीची पट्टी होती, ती मळ्यातल्या धनगर आप्पांनी आपल्या जुन्या घोंगडीची काढून दिली होती. दोन हिवाळे ही गोधडी चालली होती. टाके असे बारीक, की बघतानाच डोळे दुखावेत.

तीन कोपरे शिवलेले होते. चौथा बोटभर उघडा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गोधडी शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून मग तोंड शिवतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही. ती उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब कशी देणार, असं बाया म्हणतात.

आत्यानं ताज्या भाकरीचा चतकोर मोडला आणि माझ्या हातावर ठेवला. "तू आई हायस तिची. तुज्या हातानं घास घाल."

माझा हात पुढे जाईना. बाया कौतुकानं बघत होत्या. घास घातला असता तर कुणाला काही कळलं नसतं. गोधडी बॅगेत भरून मी दौंडला आले असते, कुरकुंभची नोकरी धरली असती आणि पुढे कधीतरी "चिसोमो तिच्या नातेवाइकांकडे गेली" असं एक आणखी सांगून टाकलं असतं. मी हे सगळं त्या क्षणात जुळवलंसुद्धा, लाज वाटते सांगायला. पण भाकरी गरम होती आणि तिचा तळहाताला चटका बसत होता.

"आत्या, चिसोमो नाही," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी तुम्हांला खोटं सांगितलं."

मग सगळं सांगितलं. नदी, गाडी, रक्त, सगळं. प्रार्थना बंद पडली तेही सांगितलं. आत्यानं माझ्या हातावरची भाकरी उचलून घेतली, गोधडीची घडी घातली आणि ती आत निघून गेली. दार लोटून घेतलं. बाया एकेक करून उठल्या. आशाबाई तेवढी भिंत ओलांडून आली आणि माझ्या शेजारी बसून राहिली.

"रागावली आत्या," मी म्हणाले.

"मग? रागवू न्हाई व्हय?" आशाबाई म्हणाली. "तू रड. ती बघती आपलं आपलं."

संध्याकाळी आत्या बोलली, पण पाठ फिरवून. "लेकरू गेल्यालं आमाला कळवायचं न्हाई? आमी दुखवट्याला यायचं न्हाई? येवढीबी आमी तुजी न्हाई का?" मला वाटत आलं होतं की खरं कळलं तर यांचा देवावरचा विश्वास उडेल. त्या बाईचा विश्वास जागेवर होता, माझ्यावरचा उडाला होता.

सकाळी उठले तर आत्याची चूल थंड होती. चहासुद्धा नाही. मला वाटलं, आता आपण निघावं. पिशवी भरत होते तेवढ्यात पहिली बाई आली, डोक्यावर पाटी, पाटीत पिठलं आणि भाकरी. मागून दुसरी आली. मग तिसरी. बाकीच्या दहाही घरांतून आलं. आशाबाईच्या घरून आलं. मळ्यातल्या आप्पांची सून आली. माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत, भावकीनं पिठलं-भाकरी आणायची आणि घरच्यांना बळं भरवायची, याला कडू घास म्हणतात. आमची देवळं बदलली, दुखवट्याची पिठलं-भाकरी बदलली नाही.

आत्या माझ्यासमोर बसली. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिनं माझ्या तोंडापाशी धरला. "खा. तुजा कडू घास हाय. उशीर तू केलास, आमी न्हाई."

मी खाल्ला आणि हंबरडा फोडला. नदीकाठी मी रडले नव्हते. मी नर्स होते, गाडीत इतर पेशंट होते. दोन वर्षांचं सगळं रडणं त्या ओट्यावर निघालं, आणि बाया माझ्या पाठीवरून हात फिरवत माझ्याबरोबर रडल्या, न पाहिलेल्या पोरीसाठी.

"दोन वर्षं तुम्ही जे मागत होतात ते वायाच गेलं, आत्या," मी शेवटी म्हणाले. "ती नव्हतीच."

आत्या पदरानं माझं नाक पुसत म्हणाली, "वाया जायाला ते काय नळाचं पानी हाय? ती नव्हती तर तुला लागलं आसंल. दुसरं कोन हुतं त्या घरात?"

तेव्हा रूळ वाजला. साडेबारा. माझ्या डोक्यात एकदम हिशेब झाला. मलावीचं घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागे असतं. इथे साडेबारा म्हणजे तिथे नऊ. नऊला मी दवाखान्याचं दार उघडते. ती गेल्यापासून दिवसातली तीच एक वेळ माझ्यानं निभत नव्हती, कारण दार उघडलं की समोर तोच बाक. रोज कडीवर हात ठेवायचा आणि वाटायचं, आज नाही जमणार. आणि रोज ते कसं कोण जाणे जमायचं. मी समजत होते, माझाच हट्टी स्वभाव. मी आत्याला हे सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. "मग? आमी काय इथं माशा मारीत बसतो व्हय साडेबाराला?" एवढंच म्हणाली.

त्या दिवशी बायांनी मला प्रार्थना करायला लावली. दोन वर्षांनी मी फक्त तिचं नाव घेऊ शकले. "प्रभू, चिसोमो." बाया थांबल्या, आणि मग त्यांनीच आमेन म्हटलं.

दुखवट्याच्या त्याच भाकरीचा एक तुकडा आत्यानं गोधडीच्या कोपऱ्यात माझ्या हातानं घालायला लावला आणि तोंड शिवून टाकलं. दोरा दातानं तोडला.

"आत्या, आता ही कुणाला?"

"तिकडची पोरं सपली का? जायाचं का ऱ्हायाचं ते तुजं तू बघ, मी कोन सांगनार? पर गोधडी जानार. गोधडी तिकडचीच हाय."

मी गुडघे वाकवले, दोनदा टाळी वाजवली आणि गोधडी घेतली. या वेळी कुणी मला पाणी दिलं नाही.

पुन्हा दौंड

सुधीरनं गोधडी बघितली आणि माझं तोंड बघितलं. "म्हणजे चाललीस."

"हो."

"त्या दवाखान्याला काय सांगू?"

"सांग, बाईचा स्वतःचा एक आहे."

"वेडी आहेस तू," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला. थोड्या वेळानं वजनकाटा घेऊन आला. बॅग भरली, उचलली, चार किलो जास्त. गोधडीच चार किलोंची होती. त्यानं स्वतः माझ्यासाठी आणलेला नवा कुकर बॅगेतून बाहेर काढला आणि गोधडी गुडघ्यानं दाबून बसवली. मग मोबाइल काढून काहीतरी करत बसला. देवळाची पायरी त्यानं बरीच वर्षं चढलेली नाही, म्हणून मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

"साडेबाराचा गजर लावलाय. शिफ्टला असलो तर मनातल्या मनात. मला काही येत नाही हं तुमच्यासारखं बोलायला."

मलावीहून

गोधडी दवाखान्याच्या त्या बाकावर अंथरली आहे. तापानं थरथरणारं पोर आलं की त्याला तिच्यातच गुंडाळतो. परवा एका पोराला कोपऱ्यातला तो कडक गोळा हाताला लागला. "यात काय आहे?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "तिचं जेवण." त्यानं मान डोलावली. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

यापुढे माझी पत्रं पावडर न लावता येतील. या महिन्यात आमच्याकडे बावीस बाळं जन्मली आणि दोन मुलं गेली. गेलेल्यांची नावं मफात्सो आणि तियामिके. तियामिकेची आई अजून रोज येऊन बाकावर बसते. तिच्यासाठी मागा, आणि माझ्यासाठीही.

आता थांबते. नऊ वाजत आले, दार उघडायचं आहे.